बांधलेला जबडा आणि सासूबाईंचं स्टिअरिंग

नाही, सूपबद्दल तक्रार नाही माझी, पण नळीने ओढून ओढून गाल आत गेले हो! आणि कशामुळे? तुम्हाला सांगतो, मी गाडी शिकवणारा माणूस, अर्धं गाव माझ्या शेजारी बसून शिकलं, आणि मी सासूबाईंना शिकवायला बसलो. पायाशी पडलेलं च्युइंगगम उचलायला पट्टा सोडून वाकतो, तर समोर कुत्रं! मी ओरडलो, "ब्रेक!"... त्यांनी लावला. अगदी मनापासून लावला, आणि माझा जबडा डॅशबोर्डवर!

डॉक्टर म्हणाले, "चघळल्याने ताण जरा उतरतो. तुमचा जबडाच बंद, तेव्हा डोकं तापणार. शांत राहा." शांत? अहो, शिकणारा चुकला की मी चघळतो, फारच चुकला की ओरडतो! आता दोन्ही बंद, कारण माझा जबडा तारांनी बांधलेला!

बरं, गोळ्यांमुळे मला गाडी चालवायची मनाई. बायको नोकरीवर. तपासणीला नेणार कोण? "मी नेते की, जावईबापू!" सासूबाई किल्ली घेऊन दारात! परवाना शिकाऊ, शेजारी पक्का परवानावाला हवा... तो मीच! जीव तोडून नाही म्हणायचं होतं हो, पण माझा जबडा तारांनी बांधलेला!

आणि चढावर गाडी बंद पडली. मागे हॉर्नवर हॉर्न, गाडी मागे सरकतेय, माझ्या छातीत धडधड, कपाळाला घाम, "म्म्म! म्म्म!"... सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, माझ्या हातावर थोपटलं, म्हणाल्या, "घाबरू नका, मी आहे ना." आणि गाडी अलगद वर! धडधड थांबली हो माझी. डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं मला.

वर पोचल्यावर म्हणतात, "आज तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून जमलं. नाहीतर माझा पाय कुठे पडतो, मलाच कळत नाही." त्यानंतर प्रत्येक तपासणीला त्यांनीच नेलं, उन्हातान्हात, न कुरकुरता. हे उपकार मी विसरणार नाही.

आता तारा निघाल्या, त्यांना पक्का परवाना मिळाला, परवा मला चघळायचीही मुभा मिळाली. येताना मोठ्या उत्साहाने तोंड उघडलं, "आई, गिअर जरा..."

त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता च्युइंगगम पुढे केलं. "घ्या, जावईबापू."

घेतलं! काय करता... तारा निघाल्या म्हणून काय झालं, जबडा बांधलेलाच आहे!