हिरव्या पानाचं पाकीट

नाशिकच्या प्रसूतिगृहात नंबराची वाट पाहत तेजल मोबाइलवर होणाऱ्या बाळासाठी ‘पर्यावरणपूरक’ डायपर मागवत होती. शेजारी नांदगावहून आलेल्या लंकाबाई आपल्या गरोदर सुनेला, निकिताला विचारत होत्या,

“म्या जुन्या लुगड्याचे शिवलेले लंगोट कुठं हायेत गं?”

“घंटागाडीत दिले, आई. नवे डायपर आणलेत. वापरून टाकले की मातीत मिसळतात.”

“कोणत्या मातीत? तुमच्या बिल्डिंगखाली तर समदी फरशी हाय.”

“जाहिरातीत बागेत पुरतात.”

“आन् तू कुठं टाकणार?”

“घंटागाडीतच.”

“मंग?”

“पण पाकिटावर हिरवं पान आहे, आई. आणि लंगोट धुवायला पाणी लागतंच ना?”

“लागतं की. लय लागतं.”

“मग बरोबर कोणतं?”

“मला काय ठावं, पोरी? डब्यावरचं गुटगुटीत बाळ पाहून म्या तुझ्या अमोलला पावडरचं दूध पाजलं व्हतं.”

नर्सने हाक मारली तशा दोघी आत गेल्या. तेजलचं बोट ऑर्डरच्या बटणावर अडलं होतं. तिने देवळालीला आईला फोन लावला.

“आई, जुन्या साड्या बोहारणीला दिल्यास का?”

“उद्या येणारे ती. का गं?”

“माहीत नाही. पण देऊ नकोस.”