खरपूस थर

मुरबाडच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी वैशाखरे गावच्या सासू-सुना बसल्या होत्या. सासूबाईंचे सगळे दात काढले होते. आज त्यांना कवळी मिळणार होती.

“आई, कवळी बसली की पहिलं काय खाणार? भाकरी?”

“नाय गो. तुझा तो चीजचा बटाटा.”

“दीड महिना तोच खाल्लात. कंटाळला नाय?”

“पेज बघून रडू यायचं मला. तू बटाटा दुधात शिजवून, कुस्करून वर चीज किसलंस, त्या दिवशी कुठं पोटभर जेवले.”

“मी ओव्हन नाय म्हणून रडत बसलेली. तुमीच खाटेवरून सांगितलं, झाकणावर निखारे ठेव.”

“काकडीचा गोड केक, धोंडस, आमी तसंच भाजतो. पण वरचा खरपूस थर रोज तू खाल्लास. मी नुसती कुरकुर ऐकायची.”

“तुमाला चावत नव्हतं ना, आई!”

“आज चावंल. आज थर माझा.”

“अख्खा?”

“सरस्वतीबाई, आत या,” हाक आली. सासूबाई उठल्या.

“पातेल्याच्या कडेचा तुला ठेवीन. तुला तोच आवडतो, खरवडताना ऐकलंय मी.”