मशीन लावायच्या आधी

(धाडच्या बाजारगल्लीत रुपालीचं पार्लर. खुर्चीत योगिनी. होणारी सासू सुभद्राबाई शेजारी बसून, वांगी निवडावीत तशी सुनेची हनुवटी निरखतेय.)

सुभद्राबाई : हनुवटीखाली कातडी सैल दिसते थोडी. परवा हळद हाय. फोटोत असं नाई चालनार.

रुपाली : काकू, ही आरएफ मशीन कातडी आतून गरम करते, मंग ती ताणते. पन आधी विचारनं पडते. योगिनी, आंगात लोखंडी पट्टी, बॅटरी, असं काही बसवलं हाय?

योगिनी : नाई.

सुभद्राबाई : तेवीस वर्षांच्या पोरीले काय बसवतीन? माह्या कुलदीपची पयली सोयरीक काऊन मोडली मी? पोरीले शुगर होती, लपवून ठेवली. म्हनून हे पोरगी धडधाकट पाहूनच पसंत केली... थांब, फोन आला. इथं रेंज नाई, भायेर जाऊन येतो.

रुपाली : ओढणी काढ, योगिनी. अन् हे काय, खांद्याजवळ?

योगिनी : गाठ काढली होती.

रुपाली : काढली, तं आत हे चपटं, टणक काय लागून राह्यलं? पेसमेकर हाय हा. माह्या आत्याले हाय.

योगिनी : हळू बोल ना ताई! सतराची होती तवा बसवला. ठोके मधीच थांबायचे, मी चक्कर येऊन पडायची.

रुपाली : अन् सासरच्यायले सांगितलं नाई?

योगिनी : बाबा म्हने, लग्न झाल्यावर पाहू. दहाच मिनिटं तं हायेत. लाव ना.

रुपाली : येडी हायेस का वो? या मशीननं पेसमेकर बंद पडला तं इथंच मरशील तू. मी नाई लावत. सांगून टाक त्यायले.

योगिनी : मांडव पडला हाय दारात. आता सांगितलं तं बाबा तोंड कुठं दाखवतीन? तू काही बोलली तं तुले माह्या गळ्याची शपथ हाय.

रुपाली : अशी शपथ घालू नको, बाई.

सुभद्राबाई : (परत आत येत) काऊन, अजून सुरूच नाई केलं?

रुपाली : मशीन... गरमच होऊन नाई राह्यली, काकू. साधं फेशियल करून देतो.

सुभद्राबाई : राहू दे मंग. कुलदीपनं बायकोसाठी अशीच छोटी मशीन मागवली हाय, कालच पार्सल आलं. उद्या दुपारी मीच येतो घेऊन. हनुवटीपासून पार छातीपर्यंत लावीन, माह्या हातानं.

रुपाली : काकू, ते घरी नका लावू. जपून लावा लागते.

सुभद्राबाई : वाचून लावीन ना. मराठीत कागद हाय सोबत.

रुपाली : योगिनी, सांग ना वो. आता तरी.

सुभद्राबाई : काय सांगाचं हाय, पोरी?

योगिनी : काही नाई, आई. या तुमी उद्या.