साहेबांच्या हातावरचं मीठ

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट सांगते. मांजरा कोरडी पडली होती आणि टँकर मंजूर करणारे साहेब आमचं नदीकाठचं, मिठाच्या व्यापाराचं जुनं गाव पायी फिरून बघणार होते. माहिती सांगायला शाळेच्या मोठ्या बाईंनी नेमकं मलाच निवडलं. "साहेब खूश झाले पाहिजेत, तर टँकर येईल," असं वर बजावलं.

मीठबाजारात मी कशीबशी चार वाक्यं बोलले. साहेबांनी खडेमीठ बघायला हात पुढे केला. मी मीठ दुकानाच्या पायरीवर ठेवलं.

"हातावर दे की."

मिठाच्या दुकानातले मामा म्हणाले, "हातावर मीठ दिलं की भांडण होतंय, साहेब. ती न्हाई द्यायची."

बरोबर आलेल्या बाईंनी घाईघाईनं ते मीठ उचललं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

घाटावर पोचेपर्यंत साहेबांची आणि बाईंची जुंपली.

"टँकरचं पुढच्या महिन्यात बघू," साहेब म्हणाले.

"मग तोवर पोरींनी वाळू प्यावी का?"

मला वाटलं, गेला टँकर.

त्या भांडणानंतर तिसऱ्याच दिवशी टँकर आला. तेव्हापासून कुठलेही साहेब आले, की बाई मला मागे सारायच्या आणि आधी त्यांच्या हातावर मीठ ठेवायच्या.