चार अक्षरांचं नाव

बोरिवलीत स्पीच थेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका गप्पा मारत होत्या. एकीचा नवरा तिच्या पलीकडे मुकाट बसला होता.

"काय झालं यांना?"

"जानेवारीत पॅरालिसिसचा अटॅक आला. हातपाय सुधारले, पण वाचा गेली."

"काहीच बोलत नाहीत?"

"बोलतो ना! चहा, पंखा, नातीचं नाव किम. मासळीवाली आली की 'महाग' पण बोलतो. फक्त माझं नाव येत नाही."

"काय नाव तुमचं?"

"पर्पेच्युआ."

"अगं बाई! मला तरी कुठे जमणार?"

"मी बोलले, बेसिल, नुसतं 'पर्पू' बोल, सगळे तेच बोलतात. नाही! याला पूर्णच पाहिजे. मे महिन्यात 'पर्पे' आलं, मग 'पर्पेच्यु'. म्हटलं, चला, एकच अक्षर राहिलं. तर मागच्या आठवड्यात ताप आला आणि गाडी परत 'प' वर."

"अरेरे! मग?"

"मग काय? सकाळी उठल्यापासून प, प, प. शेजाऱ्यांना वाटतं, खाली कोणाची तरी रिक्षा सुरू होत नाहीये."

"कंटाळत नाहीत?"

"मी कंटाळते. हा नाही."

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म वाचत हाक मारली, "पेशंटबरोबर परपेटा डिमेलो कोण आहे? इथे सही करा."

नवरा खुर्चीला धरून उभा राहिला.

"पर्... पे... च्यु... आ!"

"ओरडतोस कशाला रे? इथेच तर बसलीये मी."