बदकांची जोडी

दिल्लीतल्या द्वारकेत मेट्रो यायच्या आधीची गोष्ट. भेटवस्तूंच्या दुकानात सुनयना नव्या फ्लॅटसाठी घेतलेलं लाकडी कासव हातात धरून बिलाच्या रांगेत उभी होती. पुढच्या सासू-सुनेचं मराठी ऐकून तिने कान टवकारले.

"आई, ही बदकं कशाला? कासव घेऊ ना. त्यानं आयुष्य वाढतं म्हणे."

"माझं आणखी किती वाढवतेस, प्रज्ञा? बदकंच घ्यायची."

"अहो, पण ती नवराबायकोची जोडी असते. दुकानदार सांगत होता, ऐकलंत ना?"

"म्हणून तर घेतली."

"अच्छा, मयुराच्या लग्नात द्यायला?"

"मयुराला साडी घेतलीय. ही तुझ्या खोलीत ठेवायची, नैऋत्येच्या कोपऱ्यात."

"आई! हळू बोला, लोक ऐकतील."

"इथं कुणाला मराठी कळतंय?"

सुनयना कासवाच्या पाठीवरची नक्षी निरखू लागली.

"त्या कोपऱ्यात ह्यांचा फोटो आहे. हे गेले तेव्हा दक्षिणेची भिंत बघून तुम्हीच लावलात."

"लावला. त्याला चार वर्षं झाली. आता तो माझ्या खोलीत नेते."

"का पण?"

"मला माझा राजवीर फोटोत पुरेल. तू अजून तिशीचीसुद्धा नाहीस. तुला नाही पुरायचा."

पर्स उघडायला हात मोकळे हवेत म्हणून सासूबाई मागे वळल्या.

"बेटा, जरा ये पकडना."

"जी, माताजी," सुनयना हिंदीतच म्हणाली, आणि कासव काखेत मारून तिने दोन्ही बदकं ओंजळीत घेतली.