मंगळवारी दादाशेजारी कोण?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील वकील मंडळी, मोफत कायदा मदत केंद्रातले कर्मचारी, आणि कोर्टाच्या बाकावर बसल्यासारखे मागे अवघडून बसलेले आम्ही सगळे अशील, नमस्कार.

आज वकीलबाई निवृत्त होताहेत. मी परमुलखात वेल्डिंगचं काम करतो, दहा दिवसांच्या रजेवर आलोय. भाषणं मला येत नाहीत, तेव्हा घरचंच सांगतो.

माझा दादा गोदामात हमाल. मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणं म्हणजे आमच्या घरात उद्धटपणा. गोदामातून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली. पोलीस ठाण्यात दादाला विचारलं, तूच नेलीस ना? हो साहेब. कुठे ठेवलीस? हो साहेब. आता सांगा, असा चोर कुणी पाहिलाय? पण कागदावर पहिलंच उत्तर चढलं.

वकील करायची आमची ऐपत नव्हती. वहिनी केंद्रात गेली, तिथे बाई भेटल्या. त्यांनी दादाला विचारलं, "चोरी केलीस?" दादा म्हणाला, "हो बाई." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि दर शनिवारी दादाची शाळा सुरू झाली. तुला चार पाय आहेत का? हो बाई. वहिनी हसता हसता रडायला लागली. पाचव्या शनिवारी कुठे दादाच्या तोंडून 'नाही' निघालं, तेही खाली बघून.

मागच्या रजेत मी कोर्टात होतो. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. बाईंनी डोळ्यांनीच मला दार दाखवलं. बाहेर उभा राहिलो, आतलं काही ऐकू येईना, जीव टांगणीला. शेवटी बाई आल्या. म्हणाल्या, "बोलला. हळू बोलला, पण स्वतः बोलला."

तुम्हाला वाटेल, सुटला एकदाचा. कसला सुटतोय? येत्या मंगळवारी न्यायाधीश साक्षीदारांनी सांगितलेली एकेक गोष्ट वाचून दादालाच विचारणार, हे खरं का? असे सतरा प्रश्न. एका ठिकाणी सवयीने मान हलली की वहिनीचा संसार उघड्यावर. माझी रजा रविवारी संपते. आणि बाईंच्या जागी कोण येणार, हे केंद्रात कुणालाच ठाऊक नाही. होईल नेमणूक, म्हणतात.

काल मी बाईंना म्हटलं, तुम्हीच या ना. त्या म्हणाल्या, "निवृत्त झाल्यावर या केंद्राची वकील म्हणून मला उभं राहता येत नाही रे. नेमणूक अध्यक्षांच्या हातात आहे, त्यांना विचार. आणि चारचौघांत विचार."

म्हणून विचारतो, अध्यक्ष महोदय. मंगळवारी अकरा वाजता माझ्या दादाच्या शेजारी कोण उभं राहणार?

बाई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मंडळींनी मला बोलू दिलं, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन तर लहान समजून पोटात घाला. प्रश्न मात्र मागे घेत नाही. अध्यक्षांचं उत्तर येईपर्यंत मी इथेच उभा आहे.